मैंच, मेरेकू आणि 'तडीपार'

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीच्या सहामाहीचे उर्दूचे पेपर तपासत होतो. निबंधाचा विषय नेहमीचाच होता, 'मेरा गाँव'. एका मुलाने पाऊण पान लिहिलं होतं. अक्षर बरं होतं, पण भाषा पाहून माझं डोकं फिरलं. 'मुझे' लिहायच्या जागी 'मेरेकू', 'इधर'च्या जागी 'इदर', 'पहले'च्या जागी 'पैले', आणि जागोजागी 'मैंच', 'वोइच'. मी लाल पेनाने गोल करत गेलो. शेवटी मोजले, तर चौदा.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी पेपर वाटताना मी त्यातली दोन-तीन वाक्यं वर्गात मोठ्याने वाचून दाखवली. "ही उर्दू आहे का? मीर-गालिब कबरीत कूस बदलतील," असं काहीतरी म्हणालो. वर्ग हसला. तोही हसला. तो हसला हे मला आजही सगळ्यात जास्त आठवतं. त्यानंतर तो वर्गात कधी वाचायला उभा राहिला नाही. नाव पुकारलं की म्हणायचा, "सर, गला खराब है." वर्षभर गळा खराब.

त्या मुलाचं नाव इथे सांगत नाही. वालचंदनगरच्याच परिसरातला. वडील उसाच्या ट्रकवर, म्हणजे सीझनमध्ये घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. आई घरी शिवणकाम करते. आमच्याकडे अशी घरं पुष्कळ आहेत. वालचंद हिराचंदांनी १९३० च्या दशकात माळरानावर साखर कारखाना आणि त्याच्याभोवती हे गाव वसवलं, तेव्हापासून इथे कुठून कुठून माणसं आली. कुणी सोलापूरकडून, कुणी कर्नाटकातून, कुणी कोकणातून. आज इथल्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटचे भाग बनतात, त्याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. पण नळावर, पानटपरीवर आणि मशिदीच्या पायरीवर जी भाषा चालते, ती सगळ्यांनी मिळून कालवलेली आहे. अर्धी मराठी, अर्धी दखनी. मी स्वतः घरात तीच बोलतो. माझ्या अम्मीला 'मुझे' म्हणता येत नव्हतं आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही. तरी शाळेच्या फाटकातून मोटरसायकल आत घातली, की माझ्या तोंडात आपोआप लखनौ येतं.

त्याच वर्षी स्नेहसंमेलनाची नावं घ्यायची जबाबदारी माझ्याकडे होती. मुलं चिठ्ठ्या आणून देत होती: कव्वाली, नात, देशभक्तीपर गीत, कोळीनृत्य. याची चिठ्ठी आली. तिच्यावर एकच शब्द होता, 'रॅप'. मी विचारलं, कुठला? म्हणाला, "एमसी स्टॅन, सर. 'तडीपार' में का."

मी म्हणालो, ते गाणं नसतं, त्यात शिव्या असतात. त्यापेक्षा नात म्हण, तुझा आवाज चांगला आहे.

तो थोडा वेळ उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, आपने सुना क्या?"

ऐकलं नव्हतं. बिग बॉसमध्ये तो पोरगा होता, गळ्यात साखळ्या घालून फिरायचा, त्याचे शब्द मोबाइलवर मीम होऊन यायचे, एवढीच माझी माहिती. २०२३ च्या फेब्रुवारीत तो ती स्पर्धा जिंकला, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये "देश कुठे चाललाय" अशी चर्चा झाली होती आणि त्या चर्चेत मीही माझं मत दिलं होतं. न ऐकताच. विद्यार्थ्याने धडा न वाचता उत्तर लिहिलं तर मी शून्य देतो.

म्हणून त्या रात्री इशाची नमाज झाल्यावर मुलाकडून इअरफोन मागून घेतले आणि गच्चीवर जाऊन बसलो.

पहिल्या वेळी काही कळलं नाही. बास इतका जड की कानाऐवजी छातीत वाजत होता. वर ताशाच्या काड्यांसारखी बारीक टकटक, आणि त्यामधून धावणारा आवाज, यंत्राने थोडा वाकवलेला. दुसऱ्या वेळी शब्द वेगळे होऊ लागले आणि मी उठून बसलो. हा मुलगा आमच्यासारखं बोलत होता. सिनेमातल्या मुसलमानासारखं किंवा टीव्हीवरच्या शायरासारखं नव्हे, आमच्या पानटपरीवर बोलतात तसं. हिंदीच्या मध्येच मराठी शब्द टाकायचा, तेही पाहुण्यासारखे नाही, घरातल्यासारखे. पुण्याच्या वस्तीत वाढलेल्या मुलाची भाषा ती. तिला त्याने कुठेही इस्त्री केलेली नव्हती.

थोडी माहिती देतो, कारण माझ्या वयाच्या वाचकांपैकी पुष्कळांनी हे ऐकलेलं नसणार. एमसी स्टॅनचं मूळ नाव अल्ताफ. पुण्याचा, १९९९ चा जन्म. लहानपणी कव्वाली गायचा, मग भावामुळे इंग्रजी रॅपची ओळख झाली. 'तडीपार' हा त्याचा पहिला अल्बम २०२० मध्ये आला, तेव्हा तो जेमतेम विशीचा होता. शब्द त्याचे, आवाज त्याचा, ठेकेही बरेचसे त्यानेच बनवलेले. दोन वर्षांनी 'इन्सान' नावाचा दुसरा अल्बम आला.

'तडीपार' या शब्दावर मी बराच वेळ अडकलो. हा शब्द हिंदीत आपल्याकडून गेला. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५५ ते ५७ खाली एखाद्याला जिल्ह्याच्या हद्दीबाहेर काढता येतं, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. कायद्याच्या भाषेत हद्दपार, मोहल्ल्याच्या भाषेत तडीपार. आपल्या वस्त्यांमध्ये लहान पोरांनाही याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ज्याच्यावर ही नोटीस येते तो कधी खरोखर गुंड असतो, कधी नसतो. पण आईसाठी दोन्ही वेळेला एकच होतं. पोरगा घरी येऊ शकत नाही. विशीतल्या पोराने पहिल्या अल्बमला हे नाव दिलं, आणि मला त्या चौदा लाल गोलांची आठवण झाली. त्याच्या मनात काय होतं ते तोच जाणे. मला मात्र एवढं दिसलं, की एका मुलाची भाषा मी वर्गाच्या हद्दीबाहेर काढली होती आणि त्यासाठी मला कुठल्या कलमाचीही गरज पडली नव्हती.

आता जे आवडलं नाही तेही सांगितलं पाहिजे. शिव्या आहेत, आणि भरपूर आहेत. मुलींविषयीचे काही उल्लेख मला माझ्या मुलीसमोर वाजवता येणार नाहीत. पैसा, साखळ्या आणि दुश्मनी यांची फुशारकी काही वेळाने कंटाळा आणते. मुलं भाषेबरोबर हेही उचलतात, ही पालकांची भीती खोटी नाही. आणि आपल्या घरांमध्ये त्याच्याही आधीचा एक प्रश्न असतो, संगीत जायज की नाजायज? मी मुफ्ती नाही, आलिमांमध्ये यावर मतभेद आहेत. मी इतकंच पाहिलंय की उरुसात रात्रभर कव्वाली ऐकणारा आणि घरात टीव्हीसुद्धा न ठेवणारा, दोघं जुम्याला एकाच सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहतात. ज्याला ऐकायचं नाही त्याचा मी आदर करतो. पण "ऐकू नका" आणि "त्यात काही नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं म्हणण्याचा हक्क एखाद्याला असेल, दुसरं म्हणायचं असेल तर आधी ऐकावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला बोलावलं. सांगितलं, ऐकलं मी. त्याचा चेहरा बदलला. मी म्हणालो, शब्द कळले, पण एवढा धडधडाट कशाला? शांतपणे म्हटलं तर नीट ऐकू येणार नाही का?

म्हणाला, "सर, बीट नई रहा तो कौन सुनता? पैले पाँव हिलता, बाद में कान खुलता."

बीएडला मी 'प्रेरणा' या विषयावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. त्यात इतकं नेमकं वाक्य नव्हतं.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की या कलेचा जन्मच तसा आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका मुलीने आपल्या इमारतीतल्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. शाळा सुरू होणार होती आणि तिला नव्या कपड्यांसाठी पैसे हवे होते. रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ होता, कूल हर्क. त्याच्या लक्षात आलं होतं की गाण्यात जिथे नुसता ठेका उरतो तिथे पोरं जास्त नाचतात. म्हणून तो दोन रेकॉर्डवर तेवढाच तुकडा लांबवत राहायचा आणि माइकवरून नाचणाऱ्यांना आरोळ्या द्यायचा. त्या आरोळ्यांचं पुढे रॅप झालं. म्हणजे नाच आधी, शब्द मागून. रॅपमध्ये नाचाचं संगीत मिसळलं म्हणून कुणी नाक मुरडलं, की मला हे आठवतं. दोन्ही एकाच हॉलमध्ये जन्मलेली भावंडं आहेत.

आमच्या पिढीनेही हे थोडं अनुभवलंय. १९९२ मध्ये बाबा सेहगलची 'ठंडा ठंडा पानी' ही कॅसेट आली. मी तेव्हा शाळेत होतो. कॉलनीतल्या एका घरात टेपरेकॉर्डर होता, त्याच्या खिडकीखाली आम्ही आठ-दहा जण उड्या मारायचो. व्हॅनिला आइस नावाच्या अमेरिकन गायकाच्या गाजलेल्या गाण्याचा ठेका त्याच्या मुख्य गाण्यात होता, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. मजा खूप आली. पण त्यात आमच्या गल्लीतलं कुणी नव्हतं. नाचलो, घामेजलो आणि घरी गेलो. मधल्या तीस वर्षांत फरक पडला तो इथे. ठेका अजूनही बाहेरचा आहे, पण त्यावर बसलेला आवाज आता शेजारच्या घरातला आहे.

मराठीतही हे घडतंय. २०२४ मध्ये 'तांबडी चामडी' वाजलं नाही अशी वरात आमच्या भागात मला दिसली नाही. पुण्याचा क्रेटेक्स आणि गायक श्रेयस सागवेकर यांचं गाणं. ठेका हाउस संगीताचा, म्हणजे चाळीसेक वर्षांपूर्वी शिकागोच्या क्लबांमध्ये काळ्या तरुणांनी घडवलेला, आणि त्यावर फटाफट मराठी. नेदरलँड्समधल्या स्पिनिन रेकॉर्ड्ससारख्या मोठ्या कंपनीने ते काढलं. इंदापूर रस्त्यावर एका लग्नात मी पाहिलं, नवरदेवाकडचे मुसलमान, बँजोवाले मराठा, डीजेवाला बौद्ध, आणि गाणं लागल्यावर सगळी पोरं एका सुरात ओरडत होती. डीजेच्या भिंतींवर माझा राग आहे. म्हाताऱ्यांच्या छातीत धडकी भरते, तान्ही पोरं दचकून रडतात, आणि हे कुठल्याही धर्माच्या मिरवणुकीत तितकंच वाईट आहे. तरी त्या रात्री माझ्या लक्षात आलं की पोरं नुसती नाचत नव्हती. त्यांना शब्दन् शब्द पाठ होता. वर्षभर घसा कोरडा करूनही माझ्या वर्गात एक कविता अशी पाठ होत नाही.

डफावर थाप मारून माणसं गोळा करायची आणि मग आपलं म्हणणं ऐकवायचं, हे आपल्याला नवीन नाही. शाहीर अमर शेख हेच करायचे. बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म १९१६ चा. गिरणीत काम केलं, कामगारांच्या चळवळीत आले, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर संयुक्त महाराष्ट्रासाठी गावोगाव गायले. हजारोंची सभा त्यांच्या आवाजाने उभी राहायची असं जुने लोक सांगतात. १९६९ मध्ये त्यांचा अपघाती मृत्यू झाला तो इंदापूरजवळ, म्हणजे आमच्याच तालुक्यात. मी त्या रस्त्याने शेकडो वेळा गेलोय, आणि माझ्या एकाही विद्यार्थ्याला मी हे सांगितलेलं नव्हतं. एका मुसलमान कामगाराचा आवाज मराठीचा आवाज झाला, हे त्यांना शिक्षकाने सांगायचं नाही तर कुणी? स्टॅन म्हणजे अमर शेख, असं मी म्हणत नाहीये. एकाला चळवळ होती, दुसऱ्याच्या हातात मोबाइल आणि मनात राग आहे. पण ठेक्यावर बसून आपल्या बोलीत बोलणं, ही रीत तीच आहे.

आणि बोलीचं म्हणाल, तर ज्या भाषेवर मी लाल गोल केले तिचं घराणं माझ्या पुस्तकी उर्दूपेक्षा जुनं आहे. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह चारशे वर्षांपूर्वी दखनीत गाण्यांचं पुस्तक लिहीत होता, 'किताब-ए-नौरस'. त्या गाण्यांमध्ये सरस्वती आणि गेसूदराज दोघांचंही स्मरण आहे. पुढे इ.स. १७०० च्या सुमारास औरंगाबादचा वली दिल्लीत गेला आणि फारसीत लिहिणाऱ्या दिल्लीकर शायरांना कळलं की बोलण्याच्या भाषेतही गझल होते. म्हणजे दिल्लीला हे धाडस दख्खनने दिलं. हे मी एमएला शिकलो, परीक्षेत लिहिलं, मार्क मिळवले. आणि 'मैंच'मधला 'च' मराठीतून दखनीत गेला, हेही मला ठाऊक होतं. आपण 'मीच' म्हणतो, 'तूच' म्हणतो, तोच हा 'च'. दोन भाषा शेजारी राहिल्या आणि एकीने दुसरीच्या घरातून वाटीभर साखर आणावी तसा तो आणला. मी दोन्ही भाषा शिकवतो. मराठीच्या तासाला त्याच 'च'ला मी 'जोर देणारं अव्यय' म्हणून फळ्यावर लिहितो. उर्दूच्या तासाला त्याला गोल करतो.

गच्चीवरच्या त्या रात्रीनंतर दोन-तीन दिवसांनी मी सहामाहीचा गठ्ठा कपाटातून काढला आणि त्याचा पेपर शोधून निबंध पुन्हा वाचला. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच वाचला, आधी फक्त तपासला होता. शेवटाजवळ एक वाक्य होतं. सकाळी कारखान्याचा भोंगा वाजला की आई चहा ठेवते, हे सांगून त्याने लिहिलं होतं: "अब्बा नई रहे तोबी अम्मी दो कप चाय रखतीच."

'रखतीच'वर माझा लाल गोल होता.

मी ते वाक्य शुद्ध करून पाहिलं. 'रखती ही हैं.' व्याकरण बरोबर झालं. पण ट्रकवर गेलेल्या नवऱ्याचा कप रोज सकाळी मांडणारी ती बाई त्यातून निघून गेली. तिचा सगळा हट्ट त्या 'च'मध्ये होता.

दुसऱ्या दिवशी तो निबंध मी वर्गात पुन्हा वाचला, पूर्ण. म्हणालो, त्या दिवशी मी चुकीचं वाचलं होतं, आज नीट वाचतो. वर्ग गप्प होता. तो खाली बघत होता. वाचून झाल्यावर मी त्याची माफी मागितली. शिक्षकाने मुलांसमोर माफी मागणं मला जड गेलं, पण हसवलं होतं ते सगळ्यांसमोर, मग हेही तिथेच करायला हवं होतं.

यानंतर तो धडाधड बोलायला लागला, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. संमेलनाची यादी तोवर छापून झाली होती आणि रॅपला जागा मिळाली नाही. पुढच्या वर्षी मी त्याला म्हटलं, शिव्या वगळून स्वतःचं लिहून आण, मी स्वतः नाव घालतो. म्हणाला, "देखता सर." आणलं नाही. दहावी झाली, आयटीआयला गेला. यंदाच्या ईदला सलाम करायला घरी आला होता. शीरखुर्मा पिताना सहज विचारलं, लिहितोस का अजून? मोबाइल काढून त्याने दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग ऐकवलं. ठेका त्याच्या मित्राने केलेला. ट्रक होता त्यात, भोंगा होता, उसाच्या फडातला धूर होता. शिवी एक होती. ती आली तेव्हा त्याने पटकन खोकला काढला आणि आम्ही दोघंही हसलो.

जाताना म्हणाला, "सर, गलती निकालो ना."

मी म्हणालो, "एक और बार सुना."

आता मी पेपर वेगळे तपासतो. बोर्डाच्या परीक्षेत 'मैंच' चालत नाही, हे मुलांना सांगावंच लागतं, नाहीतर त्यांचं नुकसान होईल. प्रमाण भाषा त्यांना आलीच पाहिजे, त्यात मी सूट देत नाही. पण गोल करत नाही. समासात पेन्सिलीने लिहितो, 'ही घरची भाषा. परीक्षेत असं लिही.' आणि नववीच्या पहिल्या तासाला फळ्यावर एकाखाली एक तीन शब्द लिहितो: मीच, मैंच, मैं ही. मुलांना विचारतो, यातलं तुमच्या घरात कुठलं बोलतात? पहिल्यांदा सगळे एकमेकांकडे बघतात. मग मागच्या बाकावरून कुणीतरी बोलतं, आणि तास सुरू होतो.